अंध व्यक्तींसाठी गाइड डॉग तयार करणारी संस्था: ग्वाल्हेरात हे काम अंगावर घ्यावं का?

छत्रीबाजार

नमस्कार मंडळी,

आमच्या ग्वाल्हेरच्या छोट्या संस्थेत आजवर पांढऱ्या काठीचं प्रशिक्षण, ब्रेल आणि मोबाइलवरचा स्क्रीन रीडर एवढंच शिकवलं जातं. आता एका कुटुंबाने प्रस्ताव दिलाय: गाइड डॉगचा उपक्रम सुरू करा, सुरुवातीचा खर्च आम्ही उचलतो. कार्यकारिणीला तो आवडलाय आणि प्रमुखपद मी घ्यावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. होकार कळवण्याआधी इथे विचारतेय, कारण या धाग्यांवर कुत्री पाळणारे आहेत, दृष्टिहीन सभासद आहेत आणि संस्था चालवून हात पोळलेलेही आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. कुत्रा शिकवणं हा यातला त्यातल्या त्यात सोपा भाग. अवघड आहे ती जोडी. एक माणूस आणि एक कुत्रा पुढची आठेक वर्षं रोज रस्त्यावर सुखरूप चालत राहतील, ही जबाबदारी संस्थेच्या प्रमुखाची. ती पेलायची नसेल तर पिल्लूच आणू नये.

पहिली शाळा जर्मनीत ओल्डेनबुर्गला १९१६ साली निघाली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी गेरहार्ड श्टालिंग या डॉक्टरांनी ती काढली. पुढे स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड तयार करणाऱ्या डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी जर्मनीतल्या अशाच एका शाळेवर १९२७ मध्ये लेख लिहिला. टेनेसीतल्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला तो वडिलांनी वाचून दाखवला. त्याने बाईंना पत्र टाकलं, स्वित्झर्लंड गाठलं आणि बडी नावाची कुत्री घेऊन १९२८ मध्ये न्यूयॉर्कला उतरला. वार्ताहरांच्या देखत त्याने वाहनांनी भरलेला रस्ता बडीबरोबर ओलांडला आणि बाईंना एका शब्दाची तार केली: सक्सेस. १९२९ च्या जानेवारीत 'द सीइंग आय' ही गाइड डॉगची शाळा स्थापन झाली, ती आजही न्यू जर्सीत काम करतेय.

ही गोष्ट बहुतेक लोक तारेपाशी संपवतात. मला त्यानंतरची वर्षं जास्त शिकवून जातात. हॉटेलं, रेल्वे, दुकानं, सगळीकडे कुत्र्याला दारातच अडवत. फ्रँकने आयुष्याचा मोठा भाग ही दारं उघडून घेण्यात घालवला. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत प्रवेशाचे कायदे व्हायला १९५६ उजाडलं. म्हणजे कुत्री तयार होती आणि दारं बंद, अशी जवळजवळ तीन दशकं गेली.

कामाचा क्रम ढोबळमानाने असा असतो. पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की एका स्वयंसेवक कुटुंबात जातं. तिथे वर्ष-सव्वा वर्ष जिने, बाजार, बस, फटाके, लहान मुलं, सगळ्याची सवय होते. मग काही महिने प्रशिक्षकाकडे. मग माणसाशी जोडी जुळवणं: त्याचा चालायचा वेग, उंची, घरचं वातावरण, रोजचे रस्ते. त्यानंतर दोघांचं एकत्र शिकणं, दोन ते चार आठवडे. प्रत्येक टप्प्यावर कुत्री गळतात. कोणी कबुतरामागे धावतं, कोणाला ढोलाची भीती वाटते, कोणाचे खुबे कमजोर निघतात. जमलंच तर कुत्रा आठ-दहा वर्षांचा होईपर्यंत काम करतो आणि निवृत्त होतो.

एक गैरसमज आमच्या कार्यकारिणीतही दिसला. कुत्र्याला 'बँकेत चल' म्हटलं की तो नेत नाही, सिग्नलचा लाल-हिरवाही त्याला समजत नाही. रस्ता माणसाच्या डोक्यात असतो, वाहनांचा आवाज ऐकून कधी निघायचं ते माणूस ठरवतो. कुत्रा अडथळे चुकवतो, पायरी आणि कडा आली की थांबतो, आणि 'पुढे' म्हटल्यावरही धोका दिसला तर हलत नाही.

आता आपलं गाव डोळ्यांसमोर आणा. दौलतगंजात सलग फूटपाथ नाही. मे महिन्यात डांबर असं तापतं की चप्पल काढून उभं राहवत नाही. ई-रिक्षांचा आवाज येत नाही. प्रत्येक गल्लीत मोहल्ल्याची कुत्री. या सगळ्यात हे जमेल? आणि जमवायचं तर पहिल्या वर्षात काय करावं?

---

दौलतगंजकर

ताई, मला दिसत नाही. तुमची पोस्ट स्क्रीन रीडरवर ऐकली आणि लगेच लिहायला बसलो.

मी रोज बाड्याच्या चौकापर्यंत काठी घेऊन चालत जातो आणि तिथून बँकेत. काठी मला जमिनीवरचं सगळं सांगते: नाली, खड्डा, पायरी, आडवी लावलेली स्कूटर. कमरेच्या वरचं ती काही सांगत नाही. दुकानाच्या छपराची लोखंडी पट्टी, उभ्या टेम्पोतून बाहेर आलेल्या सळया, खाली आलेली केबल, हे सगळं मला कपाळाने कळतं. या एका गोष्टीसाठी मला कुत्रा हवासा वाटतो.

पण काठी घडी करून बॅगेत जाते. कुत्र्याला दिवसभर काउंटरमागे बसवायचं, दुपारी बाहेर न्यायचं, पावसात पुसायचं, आजारी पडला तर रजा टाकायची. हे अर्जदाराला स्पष्ट सांगा आणि दोन-तीन दिवस करूनही बघू द्या.

दुसरं. ज्याला घरचे कोपऱ्यावरच्या दुकानातही एकट्याने जाऊ देत नाहीत, त्याला कुत्रा देऊन काही बदलणार नाही. आपण कुठे आहोत, कुठल्या बाजूला वळायचं, वाहन कुठून येतंय, हे काठीवर पक्कं झालेलं असलं पाहिजे. कुत्रा त्याच्यानंतर.

आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात मोठं. तुमच्या कार्यकारिणीत दृष्टिहीन किती आहेत? सत्काराला बोलावण्यापुरते नव्हे, मत देणारे, पैशाच्या निर्णयात बसणारे. ते नसतील तर प्रमुखपद स्वीकारताना ही अट घाला.

---

जुना_हँडलर

छत्रीबाजारताई, माझी नोकरी कुत्र्यांच्या तुकडीत झाली. आपल्याकडे झाशी रस्त्यावर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे. त्यामुळे ग्वाल्हेरात कुत्र्यांची माणसं मिळतील असं कार्यकारिणीला वाटणं साहजिक आहे. मिळतील. फक्त एक फरक पहिल्याच दिवशी समजून घ्या.

आमचा कुत्रा स्फोटकं, अमली पदार्थ शोधतो, माग काढतो, पहारा देतो. त्याच्यामागे डोळस हँडलर असतो आणि हुकूम म्हणजे हुकूम. गाइड डॉगमागचा माणूस बघू शकत नाही. समोर उघडं गटार असताना त्याने 'पुढे' म्हटलं तर कुत्र्याने ऐकता कामा नये. असं न ऐकणं शिकवायला प्रशिक्षकाचा हात वेगळा लागतो. शिवाय आम्हाला चेंडूसाठी जीव टाकणारा कुत्रा हवा असतो. तो हार्नेसमध्ये, म्हणजे मूठ लावलेल्या अंगपट्ट्यात, संथ चालीने तासभर चालणार नाही.

दौलतगंजकरांनी कपाळाचं लिहिलं म्हणून एक रीत सांगतो. दोन खांबांमध्ये माणसाच्या कपाळाच्या उंचीला एक हलका बांबू आडवा बांधायचा. कुत्रा खालून आरामात निघून जातो, त्याच्या दृष्टीने तिथे काही नसतंच. प्रशिक्षक बांबूपाशी आला की थांबतो आणि बांबूवर हाताने टकटक करतो. कुत्रा मान वर करून बघतो. त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ, क्षणभरही उशीर नाही. मागे जायचं, पुन्हा यायचं. मग बांबूची जागा बदलायची, बांबूऐवजी दोरी, दोरीऐवजी फांदी, फांदीऐवजी ताडपत्री. हळूहळू कुत्र्याला उमगतं की आपल्या डावी-उजवीकडची जागाच काय, शेजारच्या माणसाच्या डोक्यावरची जागाही आपलीच. मग तो स्वतः वळसा घेतो, जागा नसेल तर थांबतो. हार्नेसची मूठ कडक असते, ती किंचित बाजूला सरकली की माणसाच्या डाव्या हाताला लगेच कळतं.

हे शिकवणारा आणि माणसालाही चालायला शिकवणारा असा जो प्रशिक्षक असतो, तो घडायला साधारण तीन वर्षं जातात, तीही जाणत्याच्या हाताखाली. आंतरराष्ट्रीय गाइड डॉग फेडरेशन १९८९ पासून आहे, मान्यतेचे निकष तिच्याकडे आहेत. पहिला पैसा पिंजऱ्यांवर आणि इमारतीवर घालू नका. दोन तरुण निवडा, अशा मान्यताप्राप्त शाळेत शिकायला पाठवा, आणि परत आल्यावर ते टिकतील एवढा पगार द्या.

---

प्राजक्त_पुणे

एक सुचवू का? लॅब्राडोर विकत घेण्यापेक्षा आपली देशी पिल्लं दत्तक घेऊन शिकवली तर? ती काटक असतात, ऊन सोसतात, आणि दोन प्रश्न एकदम सुटतात.

---

मुरारची_डॉक्टर

प्राजक्त, तळमळ कळते. मी जनावरांची डॉक्टर आहे आणि माझ्या घरी देशीच आहे. तरी या कामासाठी 'नको' म्हणेन. देशी कुत्रा हुशार असतो, अडचण हुशारीची नाही. तो कधी कसा वागेल याचा अंदाज येत नाही, ही अडचण आहे. गाइड डॉगला दचकायचं नसतं, कोणामागे धावायचं नसतं, स्वतःच्या इलाख्याची राखण करायची नसते. आपल्या देशी कुत्र्याला रस्त्यावर जगताना नेमकं हेच सगळं करावं लागलंय. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांचा संकर यांच्यात पिढ्यान् पिढ्या शांत स्वभाव निवडून जपलाय, आई-वडिलांचे खुबे, कोपरं, डोळे तपासलेले असतात. आपल्या बाजारात मिळणाऱ्या लॅब्राडोरच्या बाबतीत मात्र तसं काही नसतं, म्हणून दुकानातून पिल्लू आणणं तितकंच धोक्याचं. चांगली पैदास कुठून मिळवायची हा प्रश्न ताईंनी प्रशिक्षकाच्या खालोखाल ठेवावा.

ग्वाल्हेरपुरतं बोलायचं तर मला तीन भीती आहेत.

गोचीड-ताप. एर्लिकिया आणि बबेसिया या गोचिडांमुळे होणाऱ्या दोन्ही आजारांनी इथे चांगली धडधाकट कुत्री जातात. महिन्याची गोचिडांची गोळी चुकता कामा नये, आणि ती अंध मालकाने आठवणीने देण्यावर सोडू नका, संस्थेने वेळापत्रक ठेवायचं.

ऊन. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर कुत्र्याचे पंजे भाजणार. एप्रिल ते जून आपल्याकडे सकाळी नऊनंतर हे रोजचं आहे. पंजांचे बूट असतात, पण अंगातली उष्णता बुटाने कमी होत नाही. तेव्हा उन्हाळ्यात दुपारी काठी आणि रिक्षा, हे जोडीच्या करारातच लिहून टाका.

आणि मोहल्ल्याची कुत्री. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा त्याच जागी परत सोडतात. म्हणजे टोळी तिथेच राहणार, फक्त वाढणार नाही. गाइड डॉगवर एकदा जोरदार हल्ला झाला की जखम भरते, पण त्या कोपऱ्यावर पाय टाकायला तो कचरतो. काही कुत्री त्या एका प्रसंगानंतर कामातून कायमची जातात. परदेशी पुस्तकात याचं तयार उत्तर मिळणार नाही, कारण त्यांच्याकडे हा प्रश्न या आकाराचा नाही. इथलं उत्तर इथेच शोधावं लागेल: प्रत्येक जोडीच्या रस्त्यावर कुठल्या गल्लीत कोणती टोळी, त्यांना कोण खाऊ घालतं, ती माणसं ओळखीची करून घेता येतील का.

---

स्पर्शरेषा

मी इंदूरला एमए करते, खोली घेऊन एकटी राहते, दृष्टिहीन आहे. दौलतगंजकर काकांचं बरंचसं पटलं, पण एक बाजू राहिली.

काठी घेऊन निघाले की लोक न विचारता दंड धरून ओढतात. मदत करायचीच इच्छा असते, पण मला नको असलेल्या रस्त्याच्या पलीकडे नेऊन सोडतात. मुलगी म्हणून हे किती त्रासाचं होतं ते सांगायला नको. शेजारी कुत्रा असेल तर माणूस आधी बोलतो, मग हात पुढे करतो, असं मला गाइड डॉग वापरणाऱ्या परदेशातल्या मैत्रिणींकडून कळतं. माझ्यासाठी हे अडथळ्यांइतकंच मोठं आहे.

आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन मी वापरते. २०१४ पासून ती मिळते. गुडघ्याच्या वरचे अडथळे ध्वनिलहरींनी ओळखून मूठ थरथरते. चांगली आहे, कपाळ वाचतं. पण 'इथून नको, तिथून चल' हे ती सांगत नाही. म्हणून काठी की कुत्रा असा वाद घालू नका. ज्याला जे हवं ते निवडता यावं.

घरमालक मात्र कुत्र्याला नाही म्हणणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

---

हिशेबनीस

मी संस्थांचे हिशेब बघतो, तेव्हा माझा मुद्दा रुक्ष वाटेल, पण अशा उपक्रमांचं बरं-वाईट इथेच ठरतं.

कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येतो. त्यात चालू प्रकल्प म्हणून जास्तीत जास्त सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मिळतात. तुमचं पिल्लू दोन वर्षांनी कामाला लागणार आणि त्यानंतर आठ वर्षं त्याच्या जोडीला तुमची गरज राहणार. म्हणजे कंपनीचा पैसा संपेल तेव्हा तुमची खरी जबाबदारी नुकती सुरू झालेली असेल. बरं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर सीएसआरचा पैसा कॉर्पसमध्येही, म्हणजे मुद्दल न मोडायच्या कायम निधीतही, टाकता येत नाही.

म्हणून वाटणी अशी करा. या कुटुंबाची देणगी त्यांच्याकडून लेखी सूचना घेऊन कॉर्पसमध्ये ठेवा, तिचं व्याज फक्त जोड्यांच्या पाठपुराव्यावर आणि औषधपाण्यावर खर्च करा. प्रशिक्षकांचं शिक्षण, गाडी, मोबिलिटीचे, म्हणजे एकट्याने चालण्याचे, वर्ग, यांसाठी कंपन्यांकडे जा. किती जोड्या घेता येतील हा आकडा व्याजावरून काढा, उत्साहावरून नको. आणि निवृत्त कुत्र्यांच्या खर्चाची ओळ अंदाजपत्रकात पहिल्या वर्षापासून ठेवा, भले तिथे शून्य असो.

---

छत्रीबाजार

हिशेबनीस, कॉर्पसचं माझ्या डोक्यातही नव्हतं. उद्याच त्या कुटुंबाशी बोलते.

स्पर्शरेषा, तुझं अगदी पटलं. आपल्याकडे वापरणाऱ्या व्यक्तीला निवडच देत नाहीत, जे आलं ते गोड मानून घ्या म्हणतात.

शुल्काबद्दल विचार चाललाय. 'द सीइंग आय' पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर घेते, पुढच्या प्रत्येक कुत्र्यासाठी ५०, माजी सैनिकांकडून एक डॉलर. १९३० च्या दशकापासून हे आकडे बदललेले नाहीत. ब्रिटनमध्ये पन्नास पेन्सचं नाममात्र शुल्क असतं. खर्चाच्या मानाने ही रक्कम काहीच नाही, पण घेणाऱ्याला 'मी हे घेतलं' म्हणता येतं. आमच्याकडे काहीजण 'फुकटच द्यावं, शोभतं तेच' म्हणतायत. मी शुल्काच्या बाजूने आहे.

मालकीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. 'सीइंग आय' कुत्रा पूर्णपणे वापरणाऱ्याच्या नावावर करते, ब्रिटिश संस्था मालकी स्वतःकडे ठेवते. माणसावर विश्वास टाकायचा तर पहिली पद्धत. पण इथे कुत्र्याची आबाळ झाली, घरच्यांनी गच्चीवर बांधून ठेवला, तर संस्थेला परत घेता आलं पाहिजे. सध्या मला वाटतं पहिलं वर्ष मालकी संस्थेची असावी, नंतर त्या व्यक्तीची. दौलतगंजकर, तुम्हाला काय वाटतं?

---

दौलतगंजकर

वर्षभर चालेल. पण परत घेण्याची कारणं आधी लिहून काढा, आणि निर्णय घेणाऱ्या समितीत निम्मे आम्ही असू. नाहीतर कोणी शेजाऱ्याने तक्रार केली की कुत्रा गेला.

---

वडोदरेकर

कायद्याचं थोडं मी लिहितो, वडोदऱ्यात अपंगांच्या हक्कांच्या कामात असतो.

भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार २००७ मध्ये स्वीकारला. त्याच्या कलम २० मध्ये संचारासाठी सजीव साहाय्य, म्हणजे माणसाची किंवा प्राण्याची मदत, उपलब्ध करून द्यायचं म्हटलंय. त्यावर आधारलेला आपला दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ चा. त्यात इमारती, वाहतूक सुगम हवी असं आहे, पण गाइड डॉगचा उल्लेख नाही. विमानाच्या बाबतीत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत गाइड डॉगला परवानगी आहे. म्हणजे ग्वाल्हेरहून विमानात बसता येईल आणि बाड्यावरच्या हॉटेलात बसता येणार नाही.

जपानने २००२ मध्ये साहाय्यक श्वानांसाठी वेगळा कायदा केला आणि सार्वजनिक जागा, वाहतूक, दुकानं यांना सहसा प्रवेश नाकारायची मुभा ठेवली नाही. आपल्याकडे तसं होईपर्यंत राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे आत्ताच अर्ज करा. कुत्रा आल्यावर भांडण करत बसण्यापेक्षा बस, बँका, रुग्णालयं, नगर निगम यांच्यासाठी आयुक्तांचं परिपत्रक आधी हातात असू द्या. माझ्याकडे अर्जाचा मसुदा आहे, व्यक्तिगत निरोपात पाठवतो. स्पर्शरेषाच्या घरमालकाचाही मुद्दा त्यात घालू.

---

छत्रीबाजार

वडोदरेकर, मसुदा जरूर पाठवा.

कार्यकारिणीला कळवायचं ते आता ठरलंय. मी जबाबदारी घेते, या अटींवर: दोन प्रशिक्षक शिकून परत येईपर्यंत एकही पिल्लू आणायचं नाही. तोपर्यंत काठीचे वर्ग दुप्पट, कारण अर्जदार त्यातूनच येणार. समित्यांमध्ये निम्मी जागा दृष्टिहीन सभासदांची, मताधिकारासह. देणगी कॉर्पसमध्ये. आणि जो कुत्रा प्रशिक्षकाला नापास वाटेल तो नापास, मग उद्घाटनाची तारीख ठरलेली असो वा नसो. देणगीदार कुटुंबाला वर्षभरात फोटो हवे असतील तर ते काठीच्या वर्गाचे मिळतील. हे त्यांना मान्य नसेल तर पैसे नम्रपणे परत करू.

पिल्लं सांभाळणाऱ्या कुटुंबांची यादी मात्र आत्तापासून करते. लष्कर, मुरार, ठाटीपुरातल्या कोणाची तयारी असेल तर लिहा. वर्षभर जीव लावून मग कुत्रा परत द्यायचा आहे, घरातल्या मुलांना हे आधी सांगा.

आणि रस्त्यांची पाहणी सुरू करायचीय. पहिला रस्ता दौलतगंज ते बाडा.

---

जुना_हँडलर

मी येतो. रविवारी पहाटे सहाला निघू, टोळ्या तेव्हा जाग्या असतात, नीट मोजता येतील. डॉक्टरीणबाईंनाही घ्या.

---

मुरारची_डॉक्टर

येते. येताना लसीकरणाची वही आणते. कानाला खाच दिसली की नसबंदी झालेली, त्याचीही नोंद करू.

---

दौलतगंजकर

मीही काठी घेऊन येतो, पण पहाटेचा रस्ता आणि साडेदहाचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते आहेत. पहाटे ना स्कूटर आडव्या असतात, ना ई-रिक्षा. सोमवारी मी बँकेत निघतो तेव्हा पुन्हा एकदा माझ्यामागून चला, आणि मी कुठे अडखळतो ते लिहून घ्या. मला आधी काही सांगू नका.